आंदोलन पटत नसलं तरी नीट ऐकायचं कसं: गोव्यात नव्याने लक्ष घालणाऱ्यांसाठी

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे जे सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडून नोकरीधंद्यासाठी नुकतेच गोव्यात आलेत, पणजीच्या आझाद मैदानावर कोणी ना कोणी धरणं धरून बसलेलं त्यांना दिसतं पण कशासाठी ते कळत नाही. दुसरे म्हणजे जे इथेच लहानाचे मोठे झाले पण मोर्चा दिसला की गाडी दुसऱ्या रस्त्याने काढायची एवढाच ज्यांचा आंदोलनाशी संबंध, आणि आता स्वतःच्याच गावात काहीतरी प्रोजेक्ट येतोय म्हटल्यावर लक्ष घालावंसं वाटायला लागलंय.

मी कुठल्या बाजूला जा ते सांगणार नाही. शंका असेल तर असू द्या, शंका चांगलीच. फक्त ती शंका घेऊनसुद्धा समोरच्याचं पूर्ण ऐकून कसं घ्यायचं ते सांगतो, कारण गोव्यात हे काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

अवघड का, तर इथे आंदोलन म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ह्यांच्या मागे कोण आहे?" चर्च आहे का, संघ आहे का, खाणवाले आहेत का, बिल्डर लॉबी आहे का, एनजीओ आहे का, इलेक्शन जवळ आलंय का. प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला विचारला की त्याच्या उत्तरावरच माणूस थांबतो, आणि ते लोक नेमकं काय मागतायत हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू एकच, "मागे कोण" हा प्रश्न मागे ढकलायचा. तो येईल, पण त्याच्या जागी येईल.

पहिली पायरी: मागणी एका वाक्यात लिहून काढा

कागद घ्या किंवा मोबाईलवर लिहा. कोण, कोणाकडे, काय मागतंय. घोषणा लिहू नका, मागणी लिहा. "गोंयांत कोळसो नाका" (गोव्यात कोळसा नको) ही घोषणा झाली. त्याच्याखाली मुरगाव बंदरातली कोळसा हाताळणी वाढवू नका ही एक मागणी, कोळसा नेणाऱ्या रेल्वेचं दुपदरीकरण थांबवा ही दुसरी, आणि उघड्या वॅगनमधून उडणारी धूळ थांबवा ही तिसरी. ह्यातली एखादी तुम्हाला पटेल, एखादी पटणार नाही, पण घोषणेवरच अडकलात तर सगळंच पटतं किंवा सगळंच खटकतं.

मागणी सापडते कुठे? भाषणात नाही सापडत. निवेदनात सापडते. प्रत्येक आंदोलन कलेक्टरला, मामलेदाराला, पंचायतीला नाहीतर मुख्यमंत्र्यांना कधी ना कधी निवेदन देतंच, त्याची झेरॉक्स मागा, आनंदाने देतात. लिहिलेलं वाक्य नंतर आंदोलनातल्याच एखाद्या माणसाला वाचून दाखवा. तो "हो, हेच म्हणतोय आम्ही" म्हणाला तरच तुम्हाला समजलं असं धरा. "नाही हो, तसं नव्हे" म्हणाला तर परत लिहा.

ह्यात एक मोठी गोष्ट आहे ती मेळावलीच्या उदाहरणाने सांगतो, कारण त्या वेळी अख्खा गोवा त्या मागणीवर घाईघाईने बोलून मोकळा झाला होता.

सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीत आयआयटीसाठी जागा ठरली आणि गावातले लोक, त्यातही बायका सगळ्यात पुढे, विरोधात उतरल्या. बाहेरून बघणाऱ्याच्या तोंडी पहिलं वाक्य हेच की शिक्षणाला कोण विरोध करतं का, ह्यांच्याच पोरांचं भलं होणार ना. आणि तो मुद्दा फालतू नव्हता, आयआयटी गोवा २०१६ पासून फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात तात्पुरती चालतेय, तिला स्वतःची जागा हवीच. पण गावात जाऊन ऐकलं तर विषय आयआयटीचा नव्हताच. सत्तरीत कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या काजूची बागायत करतात, कसतात, राहतात, पण जमीन त्यांच्या नावावर नाही, एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारावर, नाव सरकारचं. त्यामुळे सरकार म्हणतं आम्ही आमचीच जमीन देतोय, कागद बघितला तर ते खरं, आणि कसणाऱ्याला मात्र ना नुकसानभरपाईची खात्री ना कोर्टात उभं राहायला धड कागद. त्यांची खरी मागणी होती की आधी जमीन आमच्या नावावर करा. म्हणजे आयआयटीच्या जागी तिथे दुसरं काहीही आणलं असतं तरी हाच विरोध झाला असता. ६ जानेवारी २०२१ ला पोलीस आणि गावकरी यांच्यात मोठी झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली, आणि १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी ती जागा सोडत असल्याचं जाहीर केलं.

त्याच्या आधी काणकोणात लोलयेला विरोध झाला होता, नंतर सांग्यातही झाला. तीन वेगवेगळे तालुके, वेगवेगळे आमदार. आता एकतर तिन्ही तालुक्यांना शिकायचंच नाही असं म्हणा, नाहीतर जागा निवडायच्या पद्धतीत काहीतरी गडबड आहे असं म्हणा. मला दुसरंच जास्त पटतं. पण म्हणून आंदोलकांना प्रश्न विचारायचाच नाही असं नव्हे, "मग कुठे?" हा प्रश्न त्यांना विचारलाच पाहिजे, आणि फर्मागुडीला शिकणाऱ्या मुलाच्या बाजूनेही विचारला पाहिजे.

दुसरी पायरी: जागेवर जा, आणि माईकपासून लांब बसा

स्टेजवर कोण बोलतंय ते ऐकून आंदोलन कळत नाही. मंडपाच्या कडेला जी माणसं चहा पीत बसलेली असतात, ज्यांनी त्या दिवशीची मजुरी सोडलेली असते, त्यांच्याशी बोला. तुम्ही मराठीत बोला, ते कोंकणीत उत्तर देतील, काही अडत नाही. दक्षिणेत सासष्टीकडे गेलात तर सुरुवातीला शब्द अडतील, हळू बोला म्हणून सांगा, लोक समजून घेतात.

विचारायचे प्रश्न साधे. तुमचं नेमकं काय जाणार? कधी कळलं? कोणी सांगितलं? पहिल्यांदा तक्रार कुठे केली आणि तिचं काय झालं? ह्यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण रस्त्यावर आलेला माणूस बहुतेक वेळा त्याआधी वर्ष-दोन वर्षं ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून आलेला असतो आणि ती गोष्ट बातमीत येत नाही, बातमीत फक्त रस्ता अडवला तेवढं येतं.

फोटो न विचारता काढू नका. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक रेल्वे रुळांवर उभे राहिले होते, दुपदरीकरणाच्या विरोधात, त्यानंतर पोलीस केसेस झाल्या. तुम्ही स्टेटसला टाकलेला फोटो उद्या कोणाच्या तरी केसमध्ये जाऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा.

आणि आणखी एक, त्याच गावातल्या अशा एका घरी जा जिथलं कोणी आंदोलनात नाही. ते का नाहीत ते विचारा. कोणी म्हणेल भीती वाटते, कोणी म्हणेल मला नोकरीचं आश्वासन आहे, कोणी सरळ म्हणेल मला ते पटत नाही. हे न ऐकता परत आलात तर तुम्ही अर्धंच ऐकून आलात.

तिसरी पायरी: कागद

कंटाळवाणी पायरी आहे पण इथेच निकाल लागतो. मोठ्या प्रोजेक्टला पर्यावरण मंजुरी लागते आणि २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे जिथे जनसुनावणी लागते तिथे किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी नाहीतर त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी असतो. तो सारांश वाचा. सगळा अहवाल नाही झेपला तरी चालेल, पण पाणी कुठून आणणार, कचरा कुठे जाणार आणि किती लोकांना काम मिळणार ही तीन पानं शोधाच. काही मिळत नसेल तर आरटीआय टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

कागद वाचल्याने काय होतं ते मोलेच्या बाबतीत बघा. मोले अभयारण्यातून तीन कामं एकदम आली, रेल्वेचं दुपदरीकरण, हायवे रुंदीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी. आंदोलनाची घोषणा एकच होती, मोले वाचवा, आणि विरोधकांचं उत्तरही एकच, शहरातल्या इन्स्टाग्रामवाल्या पोरांना विकास नको. सुप्रीम कोर्टाच्या केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला तेव्हा मात्र तिने तिन्ही कामं वेगवेगळी तपासली. रेल्वेच्या दुपदरीकरणाची गरजच सिद्ध होत नाही म्हणाली, वीजवाहिनीसाठी आधीच्या लाइनचाच पट्टा वापरा म्हणाली, आणि रस्त्याबद्दल वेगळं सांगितलं. ९ मे २०२२ ला कोर्टाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्या "इन्स्टाग्रामवाल्या पोरांनी" कागद वाचले होते, मुद्देसूद पत्रं लिहिली होती, ते वय आणि कपडे बघून ठरवणाऱ्यांना कळलंच नाही. आणि दुसऱ्या बाजूने, तुम्हाला वाटत असेल की रस्ता रुंद व्हायला हवा पण रेल्वेची गरज नाही, तर तसं म्हणायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे. तिन्ही एकाच दमात गिळायला कोणी सांगितलंय?

आकड्यांबद्दल थोडं. आकडा मोठा दिसला की आधी विचारायचं, ह्यात काय काय मोजलंय. खाणींच्या बाबतीत, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने सुमारे ३५,००० कोटींच्या नुकसानीचा अंदाज मांडला आणि तो आकडा वर्षानुवर्षं भाषणांतून फिरला, कोणी तो जसाच्या तसा सत्य म्हणून वापरला, कोणी हास्यास्पद म्हणून उडवला. दोघांपैकी हिशोब कसा केला ते सांगणारे फारच थोडे. जो सांगू शकतो त्याला जास्त वेळ द्या, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

चौथी पायरी: समोरचं आंदोलनही तेवढाच वेळ देऊन ऐका

गोव्यात बऱ्याच विषयांवर एक नव्हे दोन आंदोलनं असतात, आणि इथे माझं मन सगळ्यात जास्त गुंतलेलं आहे, कारण खाणपट्ट्यातल्या लोकांना आपण दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर सोडलंय असं मला मनापासून वाटतं.

क्रम समजून घ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने १० सप्टेंबरला खाणकाम स्थगित केलं, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाण लीजांचं नूतनीकरणच रद्द ठरवलं आणि मार्चच्या मध्याला सगळं परत बंद. कोर्टाच्या ह्या आदेशांमागे गोवा फाउंडेशन ह्या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिका होत्या.

एका बाजूला कोण? ज्यांच्या विहिरी आटल्या, शेतात लाल चिखल आला, पोरं धुळीत शाळेत गेली. डिचोलीतलं शिरगाव घ्या, केप्यातलं कावरे घ्या, तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं सांगितलं आणि त्यांना विकासाचे दुश्मन ठरवलं गेलं. दुसऱ्या बाजूला कोण? ज्याने बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतला, ज्याचं गॅरेज त्या ट्रकांवर चालायचं, जो बार्जवर कामाला होता, जिची खाणावळ ड्रायव्हरांवर चालायची. मार्च २०१८ मध्ये हे लोक पणजीत येऊन रस्त्यावर बसले तेव्हा पणजीकर ट्रॅफिकमुळे वैतागले आणि म्हणाले हे सगळे खाणमालकांनी पाठवलेले. मालकांना त्यांच्या येण्याचा फायदा होता हे खरंच आहे. पण ट्रकचा हप्ता मालक भरत नव्हता, तो ह्याच माणसाच्या नावावर होता.

आता तुम्ही म्हणाल की मग बरोबर कोण. माझं मत सांगतो, लीजांचा निकाल कायद्याने योग्य होता आणि शिरगावकरांची तक्रार खरी होती. पण त्याने ट्रकवाल्याची मागणी खोटी होत नाही, तो बेकायदा खाणकाम मागत नव्हता, तो विचारत होता की चूक सरकारची आणि कंपन्यांची, मग काम माझंच का गेलं, आणि त्या प्रश्नाचं नीट उत्तर त्याला कोणी दिलं नाही. दोन्ही मंडपांत बसून ऐकलंत तर हे दिसतं. एकाच मंडपात बसलात तर दुसरा मंडप शत्रूचाच वाटत राहतो, गंमत म्हणजे कधी कधी दोन्ही मंडपांत एकाच वाड्यावरचे सख्खे भाऊ असतात.

पाचवी पायरी: आता विचारा, मागे कोण आहे

आता विचारायला हरकत नाही. पैसा कुठून येतो, मंडपाचं बिल कोण भरतं, इलेक्शनच्या आधीच का सुरू झालं, उद्या तिकीट कोणाला मिळणार, सगळं विचारा. फक्त उत्तर काहीही आलं तरी ते तुम्ही आधी लिहून काढलेल्या मागणीच्या शेजारी ठेवा आणि बघा, मागणीत त्याने काय फरक पडला? नेता संधिसाधू निघाला तरी विहिरीत पाणी नाही हे तसंच राहतं. आणि नेता अगदी सज्जन असला तरी त्याची मागणी अव्यवहार्य असू शकते.

जुनं उदाहरण द्यायचं तर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचं, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा ह्यावरच्या. आजही लोक त्यावर भांडतात, विलीनीकरणवाले म्हणजे महाराष्ट्राचे हस्तक आणि विरोधक म्हणजे भाटकारांचे (जमीनदारांचे) आणि चर्चचे हस्तक, असं सोपं करून टाकतात. पण विलीनीकरणाची निशाणी असलेल्या फुलावर १,३८,१७० मतं पडली होती आणि वेगळं राहण्याची निशाणी असलेल्या दोन पानांवर १,७२,१९१. एवढी माणसं कोणाची हस्तक नसतात हो. फुलावर शिक्का मारणाऱ्या कित्येकांना वाटत होतं की गोवा वेगळा राहिला तर जुन्या जमीनदारांचंच राज्य परत येईल, मराठी शाळेतून शिकलेल्या बहुजनांच्या पोरांना महाराष्ट्रात जास्त वाव मिळेल. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांना वाटत होतं की एवढ्या मोठ्या राज्याचा एक कोपऱ्यातला जिल्हा झालो तर आपलं बोलणं, आपली राहणी पुसली जाईल. आणि मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की विलीनीकरणाच्या विरोधात जोरात लिहिणारं राष्ट्रमत हे मराठीच दैनिक होतं. म्हणजे भाषेवरून बाजू ओळखायला जाल तर तिथेही फसाल.

सहावी: पद्धत आणि मागणी वेगळी तोला

रस्ता अडवला, घेराव घातला, दगड मारला, तर त्या कृतीचा निषेध करा, बिनधास्त करा, ॲम्ब्युलन्स अडकली असेल तर तसं त्यांच्या तोंडावर सांगा. पण त्यावरून मागणीचा निकाल लावू नका. आणि हीच मोजपट्टी सरकारलाही लावा. जानेवारी १९९५ मध्ये नायलॉन ६,६ च्या कारखान्याविरुद्ध फोंडा तालुक्यात केरीच्या परिसरात आंदोलन पेटलं होतं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला. कारखाना शेवटी गोव्यात झाला नाही. त्या वेळी शांततेत बोला म्हणून फक्त गावकऱ्यांनाच सांगणं पुरेसं होतं का, हा प्रश्न मला आजही पडतो.

हरलेलं आंदोलन चुकीचंच होतं असंही धरू नका. नव्वदच्या सुरुवातीला कोंकण रेल्वेचा मार्ग किनारपट्टीच्या खाजनांतून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींतून) नको, आतून न्या, म्हणून मोठा विरोध झाला, काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांची समिती बसली, आणि शेवटी रेल्वे मूळ मार्गानेच गेली. आज आपण सगळे त्या गाडीने जातो, मीही जातो. पण खाजनात भराव घातला तर पाणी कुठे जाणार हा त्यांचा प्रश्न खराच होता आणि आज हायवेच्या भरावाच्या वेळी तोच प्रश्न परत विचारावा लागतो. उलट रापणकारांचं बघा, सत्तरच्या दशकात ट्रॉलरना सरकार स्वतः उत्तेजन देत होतं आणि रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार त्याविरुद्ध उभे राहिले, तेव्हा यांत्रिकीकरणाच्या वाटेत येणारे लोक म्हणून त्यांच्याकडे बघणं सोपं होतं. १९८० मध्ये किनाऱ्याजवळचा पट्टा राखून ठेवणारा कायदा आला तो त्यांच्याच आंदोलनामुळे.

सातवी, आणि सगळ्यात कठीण: आपल्याच लोकांच्या बाबतीत करून बघा

वरच्या सगळ्या पायऱ्या परक्याच्या आंदोलनावर जमतात. आता आपल्यावर. तुम्ही मराठी वाचणारे आहात म्हणून हेच उदाहरण घेतो.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी कामात वापर करायची तरतूद झाली. मराठीप्रेमींची मागणी आहे की मराठीलाही राजभाषेचा पूर्ण दर्जा द्या. आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांची मागणी आहे की आमच्या लिपीला कायद्यात जागा द्या. आपल्यातले बरेच जण पहिल्या मागणीला न्याय म्हणतात आणि दुसरीला खूळ, आणि तिकडच्या बाजूला नेमकं उलट चालतं.

आता पहिली पायरी लावा, दोन्ही मागण्या एका वाक्यात लिहा. एक म्हणतो, माझ्या आजोबांनी भजन, कीर्तन, नाटक, शाळा, वर्तमानपत्र सगळं मराठीत केलं, आणि सरकारदरबारी मला दुय्यम का? दुसरा म्हणतो, माझ्या आजोबांनी तियात्र (नाटक), कांतारां (गाणी), प्रार्थना, पत्रं सगळं रोमीत केलं, आणि सरकारदरबारी मी शून्य का? वाक्य एकच आहे. एका मंचावर ही माणसं सहसा बसत नाहीत, पण तक्रार एकच करतात, की आम्ही जे पिढ्यान्‌पिढ्या वाचत-लिहीत आलो त्याला मान नाही. ह्याचा अर्थ दोन्ही मागण्या मान्यच करा असा नाही. देवनागरीवाल्या कोंकणी लोकांचंही ऐका, त्यांना वाटतं की लिपी दोन झाल्या तर आधीच छोटी असलेली भाषा आणखी फुटेल, आणि मराठी राजभाषा झाली तर कोंकणीला परत बोली ठरवलं जाईल, ज्या भाषेला साहित्य अकादमीची मान्यता मिळायला १९७५ उजाडावं लागलं आणि आठव्या परिशिष्टात जायला १९९२, तिच्या लोकांची ही भीती पोकळ नाही. पण एकीकडे स्वतःसाठी एक माप आणि दुसऱ्यासाठी वेगळं, हे मात्र ऐकणाऱ्याने करू नये.

प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा वादही ह्याच नजरेने बघा. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाला अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंच विरोधात आणि फोर्स ह्या संघटनेतले पालक बाजूने. मी स्वतः प्राथमिक शिक्षण मातृभाषेत व्हावं ह्या मताचा. पण इंग्रजीसाठी रस्त्यावर आलेल्या आईला विचारलं की का, तर ती म्हणते श्रीमंताचं पोर फी भरून इंग्रजीत शिकतं, माझ्याच पोराला अनुदानाची अट का. ह्याला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्या प्रश्नात दम आहे हे मान्य करावं लागतं.

सरावाला टॅक्सीवाल्यांचं आंदोलन घ्या. भाड्यावरून बहुतेकांचा राग आहे, ॲपला विरोध करतात म्हणून आणखी राग. ठीक आहे, राग ठेवा, पण एकदा स्टँडवर बसून गाडीचा हप्ता किती, पावसाळ्यात किती भाडी मिळतात, ॲपवाल्याला किती कमिशन जातं एवढं विचारा. मत बदलायची सक्ती नाही.

कुठे थांबायचं

ऐकून घेण्यालाही मर्यादा आहे. जमीन रूपांतराविरुद्धच्या सभांत नवीन आलेल्या माणसाला कधी कधी "भायले" (बाहेरचे) आणि "घाटी" असले शब्द ऐकायला मिळतात. शेतजमिनीचं रूपांतर थांबवा ही मागणी पूर्ण ऐका, २००६-०७ मध्ये गोवा बचाव अभियानाने रिजनल प्लॅन २०११ (२०११ पर्यंतचा जमीन वापराचा सरकारी आराखडा) ह्याच मुद्द्यावर मागे घ्यायला लावला आणि तो मुद्दा आजही जिवंत आहे, डोंगर कापलेले आपण सगळेच बघतो. पण कोणी माणसाला त्याच्या जन्मावरून, जातीवरून, धर्मावरून हाकला म्हणत असेल तर ते ऐकून घ्यायची तुमच्यावर काही जबाबदारी नाही. मागणी आणि शिवी एकाच भाषणात आली तर मागणी वहीत लिहा आणि शिवीबद्दल आयोजकाला तिथेच सांगा की हे चुकलं. बरेच आयोजक मानतात. जो मानत नाही त्याच्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट कळली.

ऐकून झालं की

मत बनवा. बनवायला घाबरू नका. पण ज्यांनी तुम्हाला वेळ दिला त्यांना ते तोंडावर सांगा, "तुमचा पाण्याचा मुद्दा पटला, प्रोजेक्टच नको हे नाही पटलं, कारण असं असं." आमच्याकडे पाठीमागे बोलायची सवय जास्त आणि समोर हो हो म्हणायची, त्याने आंदोलकांनाही कळत नाही की आपलं कुठे कमी पडतंय. व्हॉट्सॲपवर काही पुढे पाठवायच्या आधी व्हिडिओची तारीख बघा, जुन्या झटापटीचे व्हिडिओ नवीन म्हणून फिरतात.

आणि बोलायची खरी जागा ग्रामसभा. पंचायतीच्या नोटीस बोर्डावर तारीख लागते, बहुतेक करून रविवार असतो. तिथे उभं राहून प्रश्न विचारायचा तर पंचायतीच्या मतदार यादीत तुमचं नाव हवं, नुसतं भाड्याने राहून चालत नाही. दुसरीकडे नाव असेल तर पत्ता बदलायला फॉर्म ८, पहिल्यांदाच नोंदवत असाल तर फॉर्म ६, बूथ लेव्हल ऑफिसरकडे नाहीतर ऑनलाइन भरता येतो. पुढची ग्रामसभा लागायच्या आत भरून टाका आणि त्या रविवारी थोडे आधी पोचा, इतिवृत्त वाचन सुरुवातीलाच होतं आणि मागच्या वेळी कोण काय बोललं ते तिथेच कळतं.